पावडरच्या ज्वलनवेगाचा तक्ता नेमका कसा वाचावा?

पहिलीपुंगळी (प्रश्न)

नमस्कार. परवाना आणि कायदा यांच्या चौकटीत राहून मी गेले वर्षभर माझ्या .३०८ विंचेस्टर रायफलीची काडतुसे स्वतः भरतो आहे. आजवर आयएमआर ४८९५ ही एकच पावडर वापरली. पुस्तिकेत दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून थोडे थोडे वर गेलो आणि जिथे गोळ्यांचा ग्रुप (निशाण्यावरच्या छिद्रांचा पुंजका) सर्वांत लहान आला तिथे थांबलो. आता ती पावडर मिळेनाशी झाली आहे. दुकानात एच ४८९५ आहे. आकडा तोच आहे आणि ज्वलनवेगाच्या तक्त्यातही (पावडरींची जलद ते मंद अशा क्रमाची यादी) दोन्ही नावे जवळजवळ दिसतात, त्यामुळे तेच वजन भरून काम पुढे चालू ठेवावे असे प्रथम वाटले. डबा हातात घेतल्यावर मात्र मन कचरले, कारण तो तक्ता नेमके काय सांगतो हेच मला कळलेले नाही, असे लक्षात आले.

तक्त्यातला क्रम कशाच्या आधारे लावतात? ‘जलद’ पावडर म्हणजे अधिक ताकदीची पावडर असे समजावे का? माझ्या रायफलीची नळी आखूड आहे. तेव्हा गोळी बाहेर पडण्याआधी सगळी पावडर जळून जावी म्हणून अधिक जलद पावडर घेणे योग्य ठरेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मापाडी

सर्वांत आधी तातडीचे सांगतो. तेच वजन भरू नका. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, त्यांचा लोड डेटा (कोणत्या गोळीसाठी किती पावडर भरावी याचे छापील आकडे) वेगळा आहे आणि एकीचे वजन दुसरीला लावता येत नाही. आकडा सारखा दिसतो त्यामागे जुना लष्करी वारसा आहे, त्यावरून पावडर एकच आहे असे ठरत नाही. याच्या उलट प्रकारही घडतो. एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही नावे अगदी वेगळी, पण पावडर एकच. एच ११० आणि विंचेस्टर २९६ यांचेही तसेच. म्हणजे नावावरून ना साम्य ओळखता येते ना फरक. उत्पादकाने ज्या नावाने, ज्या गोळीसाठी, ज्या प्रायमरसह (पावडर पेटवणारी, काडतुसाच्या तळाची टोपी) डेटा छापला आहे तोच धरावा.

तक्त्याबद्दल म्हणाल तर ती गुणवत्ता यादी आहे, गुणपत्रिका नव्हे. यादीत बारावा आणि तेरावा क्रमांक शेजारी असतात, पण त्यांच्या गुणांत अर्ध्याचा फरक आहे की वीसचा, हे यादी सांगत नाही. शिवाय दोन संस्थांच्या तक्त्यांत तीच पावडर दोनचार पायऱ्या वरखाली आढळते, कारण प्रत्येकाची चाचणीची पद्धत निराळी असते.

दाबवक्र

मापाडी यांनी सांगितलेले योग्यच आहे. त्यामागचे कारण थोडे सविस्तर मांडतो, कारण ते एकदा समजले की तक्त्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे आपोआप स्पष्ट होते.

धूरविरहित पावडर (आपण काडतुसांत भरतो ती) स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच्या रेणूंतच बाळगते आणि तिचा प्रत्येक दाणा पृष्ठभागावरून आत, थरामागून थर जळत जातो. थर आत सरकण्याचा हा वेग स्थिर नसतो, तो भोवतालच्या दाबावर अवलंबून असतो. दाबाच्या विशिष्ट घाताच्या प्रमाणात वेग वाढतो, असा हा नियम असून तो फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांच्या नावाने ओळखला जातो. रायफलच्या पावडरींत हा घात एकच्या बराच जवळ असतो, म्हणजे दाब दुप्पट झाला की जळण्याचा वेगही जवळजवळ दुप्पट होतो. प्रशिक्षणवर्गात आम्हाला हे प्रत्यक्ष दाखवले होते. उघड्यावर, लोखंडी पत्र्यावर धूरविरहित पावडरीची एक बारीक रेघ ओढून तिचे टोक पेटवले. पिवळी ज्योत सावकाश, डोळ्यांनी सहज पाठलाग करता येईल इतक्या गतीने रेघेवरून सरकत गेली. त्यानंतर तेवढ्याच काळ्या दारूची (जुन्या बंदुकांच्या दारूची) रेघ पेटवली, ती मात्र भक्कन एकदम गेली आणि पत्र्यावर पांढुरक्या धुराचा लोट उरला. काळ्या दारूचा वेग दाबावर फार कमी अवलंबून असतो, त्यामुळे ती उघड्यावरही घाई करते. धूरविरहित पावडर उघड्यावर संथ असते, आणि तीच पावडर बंद पुंगळीत (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) एका मिलिसेकंदाच्या आसपास आपले बहुतेक काम उरकते.

यातून एक साखळी तयार होते. पावडर जळते, वायू तयार होतो, दाब वाढतो, वाढलेल्या दाबामुळे पावडर अधिक वेगाने जळते आणि त्यामुळे दाब आणखी वाढतो. ही साखळी आवरणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गोळीचे पुढे सरकणे, कारण गोळी सरकली की वायूला जागा मिळते. म्हणून ज्वलनवेग हा डब्यातल्या पावडरीचा एकटीचा गुण नसतो. पुंगळीचे घनफळ, गोळीचे वजन, नळीचा व्यास, प्रायमरची धग आणि गोळी किती खोल बसवली आहे, हे सगळे मिळून ती पावडर तुमच्या काडतुसात किती वेगाने जळणार हे ठरवतात.

आकडे घेऊन पाहू. ९ मिमी लुगरच्या पुंगळीत गोळी बसवल्यावर साधारण अर्धा ते पाऊण घन सेंटिमीटर जागा उरते. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ०.६४ चौरस सेंटिमीटर आहे, म्हणजे गोळी फक्त एक सेंटिमीटर सरकली की वायूसाठीची जागा जवळजवळ दुप्पट होते. .३०८ मध्ये गोळी बसवल्यावर सुमारे सव्वातीन घन सेंटिमीटर जागा असते आणि छेद सुमारे ०.४७ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे तिथे तेच एक सेंटिमीटर सरकल्यावर जागा जेमतेम १५ टक्क्यांनी वाढते. पिस्तुलात जागा झपाट्याने मोकळी होते, म्हणून तिथे पावडर जलद हवी, नाहीतर दाब धरलाच जात नाही. रायफलीत जागा हळूहळू मोकळी होते, म्हणून तिथे पावडर मंद हवी, नाहीतर गोळी सरकण्याआधीच दाब मर्यादेपलीकडे जातो. गोळी जड असेल तर ती आणखी सावकाश हलते, आणि म्हणूनच त्याच रायफलीत जड गोळीसाठी अधिक मंद पावडर सुचवली जाते.

आता ताकदीचा प्रश्न. जलद म्हणजे ताकदवान, हा गैरसमज आहे. एक ग्रॅम पावडरीत किती ऊर्जा आहे हे मुख्यतः रसायनावर ठरते (नायट्रोग्लिसरीन मिसळलेल्या द्विघटकी पावडरीत ती सहसा जास्त असते), आणि ती ऊर्जा किती वेळात बाहेर पडते हे दाण्याच्या आकारावर आणि लेपावर ठरते. गोळी नळीतून पुढे जाताना दाब कसा बदलतो याचा आलेख काढला, तर गोळीला मिळणारा वेग त्या वक्राखालच्या क्षेत्रफळातून येतो, केवळ त्याच्या शिखरातून येत नाही. .३०८ विंचेस्टरसाठी अमेरिकेच्या सामी या मानक संस्थेची दाबाची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. ९ मिमी लुगरची ३५,०००, तर .४५ एसीपीची फक्त २१,०००. शिखराला ही मर्यादा असते. जलद पावडर थोड्याशा वजनातच ते शिखर गाठते आणि वक्र लगेच खाली कोसळतो. मंद पावडर जास्त वजनात भरता येते, शिखर तेच राहते, पण वक्र रुंद होतो आणि गोळीला नळीभर अधिक काळ ढकलत राहतो.

यातच आखूड नळीचे उत्तर आहे. गोळी बाहेर पडण्याआधी सगळी पावडर जळावी म्हणून जलद पावडर घ्यावी, हे ऐकायला पटते, परंतु मोजणी वेगळेच सांगते. दाबाचे शिखर गोळी चेंबरपासून (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागापासून) काही सेंटिमीटर पुढे गेलेली असतानाच येऊन जाते आणि पावडरीचा मोठा भाग नळीच्या पहिल्या टप्प्यातच जळतो. त्यामुळे लांब नळीत जी पावडर सर्वाधिक वेग देते, बहुतेक वेळा तीच आखूड नळीतही सर्वाधिक वेग देते. फरक जाणवतो तो तोंडाशी दिसणाऱ्या झोतात आणि आवाजात. त्यांचा त्रास होत असेल तर किंचित जलद पावडर घेणे समजण्यासारखे आहे, पण त्यातून वेग वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जुनानेमबाज

वरील विवेचन मनापासून आवडले. तक्त्याच्या दोन्ही टोकांना दोन वेगवेगळ्या प्रकारचे धोके असतात, त्याबद्दल लिहितो.

जलद टोकाकडचा धोका जागेचा आहे. पिस्तुलाच्या पुंगळीत जलद पावडरीचे योग्य वजन इतके थोडे असते की पुंगळी अर्धीही भरत नाही. चुकून दोनदा पावडर पडली तरी ती सहज मावते, सांडत नाही आणि गोळीही नेहमीसारखीच बसते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडून हेच घडले. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या होत्या, मी निम्म्या भरल्या आणि कुणी हाक मारली म्हणून उठलो. परत येऊन पुढे भरत गेलो. गोळ्या बसवण्याआधी विजेरी तिरपी धरून प्रत्येक ओळ पाहण्याची माझी सवय आहे. चौथ्या ओळीतल्या एका पुंगळीत पावडरीची पातळी शेजारच्यांपेक्षा स्पष्ट वर होती, पितळेच्या आतल्या भिंतीवर सावली जिथे पडायला हवी होती तिथे पडतच नव्हती. मी सगळा ठोकळा रिकामा केला आणि पुन्हा पहिल्या पुंगळीपासून सुरुवात केली. ती गोळी बसवली गेली असती तर बाहेरून पाहून कुणालाही काही कळले नसते. तेव्हापासून शक्य तिथे मी अशी पावडर निवडतो जिचे एक माप पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते, म्हणजे दुसरे माप पडले तर ते तोंडावरून ओसंडून दिसते.

मंद टोकाकडचा धोका याच्या उलट आणि कमी लोकांना ठाऊक असलेला आहे. कमी भरले म्हणजे सुरक्षित, ही समजूत मंद पावडरीला लागू पडत नाही. मोठ्या पुंगळीत अतिमंद पावडर फार कमी भरली की ती आडवी पसरते, नीट पेटत नाही, गोळी नळीत थबकू शकते, आणि अशा स्थितीत हत्यार फुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. नेमके कारण काय याबद्दल तज्ज्ञांचे एकमत नाही, पण पुस्तिकांमधील किमान वजने त्यासाठीच पाळायची असतात. एच ११० बाबत तर उत्पादकच सांगतो की दिलेले वजन तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये. म्हणून पुस्तिकेतला खालचा आकडाही वरच्या आकड्याइतकाच बंधनकारक समजा.

पहिलीपुंगळी

सर्वांचे मनापासून आभार. आखूड नळीबद्दलची माझी समजूत पूर्ण चुकीची होती. एक शंका राहिली. माझी जुनी पावडर बारीक काड्यांसारखी आहे, मित्राची गोल मोहरीसारखी, आणि पिस्तुलाची चपट्या चकत्यांची पाहिली आहे. दाबवक्र यांनी दाण्याच्या आकाराचा उल्लेख केला. आकाराने एवढा फरक कसा पडतो?

रसायनवाचक

हा माझ्या आवडीचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

दाणा पृष्ठभागावरून जळतो, म्हणजे क्षणोक्षणी किती वायू तयार होणार हे त्या क्षणी उघड्या असलेल्या पृष्ठफळावर ठरते. भरीव गोल दाण्याची त्रिज्या पाच भाग धरा. एक भाग जळून चार उरले की पृष्ठफळ २५ वरून १६ च्या प्रमाणात येते, म्हणजे ३६ टक्के घटते. भरीव काडीत तेवढ्याच ज्वलनानंतर बाजूचे पृष्ठफळ २० टक्के घटते. आता त्याच काडीच्या मध्यातून एक आरपार छिद्र पाडा, बाहेरची त्रिज्या पाच आणि छिद्राची एक. जळताना बाहेरची पाचवरून चारवर येते, पण छिद्र एकवरून दोनवर जाते. पाच अधिक एक सहा, चार अधिक दोनही सहाच. पृष्ठफळ जवळजवळ कायम राहते. आपल्या जुन्या पावडरीची एक काडी भिंगाखाली उभी धरून पाहा, टोकाला ते सुईच्या अग्राएवढे छिद्र दिसेल. सात छिद्रे पाडली तर पृष्ठफळ जळताना उलट वाढत जाते, आणि तोफांच्या दारूत हाच प्रकार वापरतात. सछिद्र दाण्याची ही कल्पना धूरविरहित पावडरीहून जुनी आहे. अमेरिकी लष्करातील थॉमस रॉडमन यांनी १८६० च्या सुमारास मोठ्या तोफांसाठी काळ्या दारूचे सछिद्र दाणे वापरून नळीवरचा ताण कमी केला होता. धूरविरहित पावडर त्यानंतर आली. वर ज्यांच्या नियमाचा उल्लेख झाला त्या व्हिएय यांनी ती १८८४ मध्ये तयार केली, १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांचे बॅलिस्टाइट आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट आले.

मग गोल दाण्याची पावडर रायफलीत चालते कशी, असा प्रश्न पडेल. तिथे लेप कामाला येतो. दाण्याच्या बाहेरच्या थरात ज्वलन मंदावणारे रसायन मुरवलेले असते, त्यामुळे पृष्ठफळ सर्वाधिक असते तेव्हाच जळण्याचा वेग आवरला जातो आणि लेपाचा थर संपल्यावर उरलेला लहान दाणा अधिक वेगाने जळतो. त्यावर ग्रॅफाइटचा हात असतो, पावडर मापातून नीट ओघळावी आणि स्थिर विद्युत साचू नये म्हणून. पावडरीला जी करडी चकाकी दिसते ती त्याचीच. लेप आणि आकार यांची ही जुगलबंदी प्रत्येक पावडरीत वेगळी असल्यामुळे कमी दाबाच्या काडतुसात एक पावडर दुसरीपेक्षा मंद ठरते आणि जास्त दाबाच्या काडतुसात क्रम उलटतो, असेही होते. एकाच उभ्या रांगेत लिहिलेला तक्ता हे दाखवूच शकत नाही.

याचे इतिहासातले ठळक उदाहरण अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीचे आहे. तिची रचना काडीच्या आयएमआर ४४७५ या पावडरीवर बेतलेली होती. १९६४ मध्ये काडतुसांत गोल दाण्याची डब्ल्यूसी ८४६ वापरली जाऊ लागली. गोळीचा वेग आणि चेंबरमधला दाब दोन्ही ठरलेल्या मर्यादेत होते, म्हणजे कागदावर सगळे ठीक होते. परंतु नळीच्या पुढच्या भागात, जिथून वायू यंत्रणेकडे वळवला जातो तिथला दाब पूर्वीपेक्षा जास्त होता. त्यामुळे रायफल ठरल्यापेक्षा जलद चालू लागली आणि बिघाड वाढले. व्हिएतनाममध्ये या रायफली अडकण्यामागे इतरही कारणे होती, पण पावडरबदल त्यातले एक महत्त्वाचे मानले जाते. आपली रायफल वायूवर चालणारी असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे. एम-१ गॅरँड ही वायूवर चालणारी जुनी लष्करी रायफल वापरणारे याच कारणाने फार मंद पावडर टाळतात, कारण वायूमार्गाशी दाब वाढून तिचा ऑपरेटिंग रॉड (यंत्रणा हलवणारा दांडा) वाकतो.

पहिलीपुंगळी

माझी रायफल बोल्टची, म्हणजे हाताने चालवायची आहे, तेव्हा ती एक काळजी नाही. आज संध्याकाळी भिंगाखाली काडी पाहिली. छिद्र खरोखरच दिसले.

आता असे ठरवले आहे की एच ४८९५ घ्यायची, तिच्या उत्पादकाच्या डेटात माझ्या गोळीच्या वजनासाठी दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा आरंभ करायचा, जुन्या वहीतला एकही आकडा पुढे आणायचा नाही. प्रायमर आणि पुंगळ्या पूर्वीच्याच राहतील. यात काही सुटते आहे का?

जुनानेमबाज

योजना योग्य आहे. दोन गोष्टी जोडतो.

डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवा. एकाच नावाच्या पावडरीतही लॉटनुसार थोडा फरक पडतो, म्हणून कमाल वजनाच्या जवळ काम करत असाल तर नवीन डबा उघडताना थोडे मागे येऊन पुन्हा वर जावे. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) मिळाला तर वापरा. डेटात दिलेला वेग त्याच्या वजनापेक्षा कमी वजनातच दिसू लागला, तर दाबही त्याच वजनात चढला आहे असे समजून तिथेच थांबा. प्रायमर चपटा झाला नाही म्हणून दाब कमी आहे असे मानू नका, ती खूण अनेकदा फार उशिरा दिसते.

दुसरे तापमानाचे. पावडर गरम झाली की तिचे ज्वलन जलद होते, आणि हा परिणाम प्रत्येक पावडरीत कमीअधिक असतो. थंड सकाळी तपासलेले वजन भर दुपारी उन्हात ठेवलेल्या डबीतल्या काडतुसांत वेगळे वागते. काडतुसे सावलीत ठेवा, आणि तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस घालून निशाणा साधत बसू नका. वहीत वजनाशेजारी त्या दिवसाचे तापमान लिहिण्यासाठी एक रकाना आजच आखून घ्या.

मापाडी

आणि उरलेली आयएमआर ४८९५ नव्या डब्यात ओतू नका. दोन्ही काड्या इतक्या सारख्या दिसतात की मिसळल्यावर वेगळ्या करता येत नाहीत, आणि त्या मिश्रणाचा डेटा कुठेही नसतो. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा आणि काम संपताच मापातली उरलेली पावडर त्याच्याच डब्यात परत ओता.

पहिलीपुंगळी

जुन्या डब्यात तळाशी दोनएक मुठी पावडर उरली होती. ती आत्ताच झाकण घट्ट लावून, नाव वर दिसेल अशी, वेगळ्या खणात ठेवली. वहीचे नवे पान उघडले आहे आणि तापमानाचा रकानाही आखला आहे.